लपणारा हूक

एकदा एका मठाला मोटार मिळाली. साधीसुधी नव्हे. बड्या व्यापाऱ्यांच्या दारात उभी असते तसली काळी, उंच, लखलखीत एसयूव्ही. काचा वर केल्या की बाहेरच्या जगाचा आवाज म्हणून आत येत नसे. मठाचे वृद्ध आचार्य गुडघ्यांनी हैराण होते, म्हणून एका शेटजींनी ती गुरुचरणी अर्पण केली. नारळ फुटला, फोटो निघाले आणि शेटजी चारचौघांत हात जोडून म्हणाले की, ही आता तुमचीच. देणारे असं म्हणतातच. ऐकणाऱ्याने त्यावर कितपत विसंबायचं हा प्रश्न उरतो, आणि आनंदाच्या दिवशी तो कोणी विचारत नाही.

गाडी चालवण्याचं काम विश्वंभर नावाच्या शिष्याकडे आलं. तो मठातच लहानाचा मोठा झालेला, पाठांतर चोख, वाणी मधुर. कोणाचं मन दुखवायचा प्रसंग आला की तो काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेई. लोक याला सौजन्य म्हणत, आणि त्याचाही तसाच समज होता.

थोड्याच दिवसांत आचार्यांनी एक चमत्कारिक आज्ञा केली. गाडीला मागे टोइंगचा हूक बसवून आण, म्हणाले. विश्वंभर बुचकळ्यात पडला. अशा गाडीने ओढायचं तरी काय? आचार्यांनी ओसरीवरूनच टेकडीखालच्या वाडीकडे बोट केलं. उन्हाळ्यात तिथे पाण्याचे हाल. भल्या पहाटे सगळ्या बायका मिळून जुन्या बारवेवर जात. पायऱ्या ढासळलेल्या होत्या, म्हणून एक जण खाली उतरे आणि बाकीच्या वर तिचा दोर धरून उभ्या राहत. इकडे मठाच्या गोठ्यामागे दोन चाकांची पाण्याची टाकी गंजत पडली होती, कारण ती ओढायला मठाकडे काही नव्हतं. आता होतं.

"हूक असा निवड," आचार्य म्हणाले, "की तो लांबून दिसला पाहिजे."

शहरातल्या गॅरेजवाल्याने तीन तऱ्हा दाखवल्या. पहिला हूक कायमचा, जाडजूड, गाडीच्या मागे सदैव बाहेर आलेला. दुसरा किल्लीने काढून ठेवता येणारा. तिसरा विजेवरचा. बटण दाबलं की बंपरखालून त्याचा लोखंडी गोळा बाहेर येई, पुन्हा दाबलं की आत दडे, आणि गाडी पूर्ववत सोज्वळ दिसे. वाडीची टाकी ओढण्याइतकी ताकद तिघांतही होती. विश्वंभरचा हात पहिल्याकडे गेला आणि थबकला. शेटजी दर पौर्णिमेला दर्शनाला येत. गुरूंसाठी दिलेल्या गाडीला पाण्याची टाकी जुंपलेली पाहून त्यांना काय वाटेल? तिसऱ्या हुकात कोणीच दुखावत नव्हतं. वाडीला पाणी मिळेल, शेटजींना समाधान. आपल्याला हे सुचलं याचा त्याला घाट चढेपर्यंत आनंद वाटत राहिला.

आचार्यांनी बटण दाबून पाहिलं. गोळा बाहेर आला, आत गेला. ते काहीच बोलले नाहीत, आणि विश्वंभरने त्यांच्या मौनाचा आपल्या सोयीचा अर्थ लावला.

टाकी घासूनपुसून घेतली, तिच्या दांडीला हुकाचा जोड बसवला आणि रोज सकाळी वाडीत मठाच्या विहिरीचं पाणी जाऊ लागलं. बायकांनी बारव सोडली. दोर माळ्यावर गेला. भागाबाई नावाची एक म्हातारी सगळ्यांच्या आधी रस्त्यावर हंडा मांडून बसे आणि गाडीला हळदकुंकू लावू का म्हणून विचारे. पौर्णिमेला मात्र हूक आत जाई, टाकी गोठ्यामागे कडब्याखाली जाई, आणि वाडीत निरोप जाई की गाडी बिघडली आहे, उद्या येईल. एका दिवसाने कोणाचं काही अडलं नाही.

मग मठाचा वार्षिक उत्सव आला आणि शेटजी या खेपेला पाहुण्यारावळ्यांसह मुक्कामाला राहिले. 'तुमचीच' म्हणून दिलेली गाडी त्यांनी सहजपणे मागून घेतली. पाहुण्यांना आजूबाजूची देवस्थानं दाखवायची होती. विश्वंभर रोज त्यांना हिंडवत होता आणि वाडीला रोज तोच निरोप धाडत होता, उद्या येईल. वाडी रोज उद्याची वाट पाहत राहिली. आजचा दिवस निघाला की झालं, या विचाराने कोणी माळ्यावरचा दोर काढला नाही. अखेर घरातला थेंब संपला तेव्हा भागाबाई भर दुपारी एकटीच बारवेवर गेली. वर दोर धरायला कोणी नव्हतं. ढासळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि मांडीचं हाड मोडून संध्याकाळपर्यंत तिथेच पडून राहिली.

शेटजी परतल्यावर विश्वंभर टाकी घेऊन वाडीत गेला. भागाबाई खाटेवर होती, पाय प्लास्टरमध्ये. तो तिच्या उशाशी बसला, देवाची इच्छा वगैरे बोलला, आणि गाडी नेमकी त्याच दिवसांत बिघडावी याबद्दल हळहळला. म्हातारीने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"महाराज," ती म्हणाली, "बारवंतनं वरचा रस्ता दिसतो. मी पडले तवा तुमची गाडी माझ्या डोळ्यांम्होरनं गेली, आन् परत बी आली. मी हाका मारल्या."

विश्वंभरला ती दुपार आठवली. त्याच वळणावर शेटजी पाहुण्यांना सांगत होते की, या गाडीत बाहेरचं काही म्हणून ऐकू येत नाही. त्याने मान डोलावली होती. आता त्याला आपलीच शिसारी आली.

मठात येऊन त्याने आचार्यांपुढे सगळं ओकून टाकलं. आचार्य उठले, काठी टेकत गाडीपाशी गेले, बटण दाबून हूक बाहेर काढला आणि म्हणाले की, मेकॅनिकला बोलाव आणि बटणाची वायर तोडून टाक. हा पुन्हा आत जाता कामा नये.

पुढच्या पौर्णिमेला शेटजी आले. गाडीला वळसा घालून जाताना हुकाचा गोळा त्यांच्या नडगीवर सणकून बसला. ते कळवळले, वाकून पाहिलं, मग गोळ्याला लागलेला चिखल बोटाने पुसून वासही घेतला. रागावले नाहीत. हसले, आचार्यांच्या पाया पडले, आणि गाडी बरेच दिवस सर्व्हिसिंगला गेलेली नाही, नेऊन आणतो, असं म्हणून घेऊन गेले. ती पुन्हा कधी आली नाही. निरोपही आला नाही.

विश्वंभर संतापला, आणि या खेपेला त्याची वाणी मधुर नव्हती. "गुरुजी, तुम्हाला हे ठाऊक होतं. हूक लपत होता तोवर वाडीला महिन्यातले थोडे दिवस सोडले तर पाणी मिळत होतं. तुम्ही खरेपणा दाखवलात आणि आता त्यांना थेंबही नाही. यात कोणाचं भलं झालं?"

आचार्यांनी गुडघे चोळले.

"तुझा हिशेब चुकीचा नाही," ते म्हणाले. "पाणी गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. पण आपण वाडीला नुसतं पाणी देत नव्हतो, भरवसा देत होतो, आणि तो आपल्या हातातला नव्हता. टाकी येणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक असतं तो दोर काढतो, चार माणसं सोबत घेतो. भागाबाई एकटी उतरली, कारण आपण तिला उद्या येतो म्हणालो होतो. आणि दोष एकट्या तुझा समजू नकोस. तो हूक आत दडतो हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मी गप्प राहिलो, कारण त्या गाडीत माझे गुडघे दुखत नव्हते."

असं बोलणारे गुरू आपल्याकडे थोडे. पण तेवढ्याने म्हातारीचं हाड जुळत नाही, हेही खरंच.  उन्हं उतरल्यावर विश्वंभर टेकडी पायी उतरला.

भागाबाई भिंतीला टेकून बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं: हूक कोणी निवडला, का निवडला, गाडी बिघडली नव्हती, आणि आता ती कायमची गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "म्हंजी उद्या पानी न्हाई?"

"नाही."

"परवा?"

"परवाही नाही. कधीच नाही, आजी."

"नक्की?"

"नक्की."

भागाबाईने सुनेला हाक मारली आणि माळ्यावरचा दोर खाली काढायला सांगितलं, शेजारणींनाही पहाटे तयार राहा म्हणून कळवायला लावलं. विश्वंभर उंबऱ्याशी उभा राहून ऐकत होता. मठाने वाडीला आजवर दिलेल्या शब्दांपैकी न मोडणारा असा हा पहिलाच होता.