एक्केचाळिसावी वीत

गलबतांच्या काळातली गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता आणि त्या वाड्यात चांगुणा नावाची एक मुलगी होती. वल्हं मारण्यात तिचा हात धरणारं वाड्यात कोणी नव्हतं, आणि भांडण्यात तर नव्हतंच नव्हतं.

एका वर्षी होड्या दुरुस्त करायला मर्जान नावाचा हबशी कारागीर आला. त्याचे आजोबा समुद्रापलीकडच्या हबसाणातून, म्हणजे आफ्रिकेतून आलेले. रंग काळाभोर, केस कुरळे, बोलणं बेताचं. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही, हे त्याचं काम. चांगुणा रोज त्याच्या कामात खोट काढायला जायची. खोट काही सापडेना आणि तिचं जाणं काही थांबेना. शेवटी मर्जाननेच धीर करून विचारलं, माझ्याशी लग्न केलंस तर चारचौघांत तुला लाज वाटेल का?

"लाज गळक्या होडीची वाटंल," चांगुणा म्हणाली. "तू त गळती बंद करतंस."

लग्न झालं आणि वाड्याचं डोकं फिरलं. रंग वेगळा, देव वेगळा, असला जावई आपल्याला कसा चालेल? राघो पाटलाने दोघांना वाळीत टाकलं. त्यांनी किनाऱ्याच्या पार टोकाला झोपडं बांधलं आणि सुखाने संसार मांडला. पण त्यांना पोवळी नावाची मुलगी झाली आणि तिच्याशी खेळायला कोणाचंही मूल येईना, तेव्हा चांगुणाच्या जिवाला फार लागलं. आपल्याला वाळीत टाकलं ते तिने कधीच गिळलं होतं. मुलीचं मात्र तिला गिळवेना.

वाड्याची एक रीत होती. नवी मोठी होडी तयार झाली की तिच्या सांध्यांवर घरटी एक वीत आखायची. पाटील एकेका घराचं नाव पुकारायचा आणि त्या घराने आपल्या वितीत कापूस ठोकायचा. एकाची वीत दुसऱ्याने भरायची नाही. मग घराघरातलं सगळ्यात धाकटं मूल होडीत बसवून खाडीच्या तोंडापर्यंत पहिली फेरी मारायची.

पोवळी सात वर्षांची झाली त्या वर्षी नवी होडी झाली. सुतार परगावचा. त्याने रिवाजाप्रमाणे सकाळी धूर निघणाऱ्या चुली मोजल्या, एक्केचाळीस विती आखल्या आणि तो आपल्या गावी गेला. राघो पाटलाने मात्र चाळीसच नावं पुकारली. मागच्या अंगाची एक वीत तशीच राहिली. शेजारच्या घराला भरायला सांगावं, तर ते म्हणाले, आमची नाही ती, आम्ही कशी भरू? पाटलाने तिच्यावर नुसती राळ फासायला लावली. वरून बघणाऱ्याला सगळं कसं गुळगुळीत.

चांगुणा लांबून सगळं बघत होती. ती तडक पाटलाच्या दारात गेली. आम्हाला नका बोलावू, पण ती वीत कोणाकडून तरी भरून घ्या, असं तिने कळवळून सांगितलं. पाटील म्हणाला, वीत भरली आहे, तू वाड्यात शिरायला निमित्तं शोधू नकोस. ती रागाने घरी आली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने आपली लहान होडी पाण्याच्या कडेला आणून ठेवली आणि मर्जानने तीत कापूस, तेल आणि लाकडी मोगरी ठेवली.

पहिल्या फेरीचे ढोल वाजले. चाळीस मुलं नव्या होडीत बसली. चार वल्हेकरी आणि सुकाणूवर खुद्द पाटील. त्याची नातही मुलांत होती. किनाऱ्यावर नुसता जल्लोष! पोवळी एकटीच खडकावर उभी राहून हात हलवत होती.

होडी खाडीच्या तोंडाशी पोचली आणि मागून खाली बसू लागली. राळ सुटली होती. ओहोटीची ओढ होडीला बाहेरच्या खडकांकडे खेचू लागली. मुलं रडायला लागली, किनाऱ्यावरचे ढोल थांबले. दुसऱ्या होड्या वर वाळूत ओढून ठेवलेल्या, त्या पाण्यात येईपर्यंत कोण थांबणार? चांगुणाची होडी मात्र केव्हाच निघाली होती. ती वल्हं मारत होती की उडत होती, कोणास ठाऊक.

चांगुणा आणि मर्जान जवळ आले तेव्हा एक वल्हेकरी सवयीने ओरडलाच, होडीला हात लावू नका! मर्जानने ऐकलंसुद्धा नाही. तो आत चढला, गुडघाभर पाण्यात वाकला आणि कापूस ठोकू लागला. कापूस संपला. चांगुणाने लुगड्याचा पदर टर्रकन फाडला, तेलात बुडवला आणि त्याच्या हातात दिला. मोगरीचे दहा घाव, वीस घाव, आणि पाणी थांबलं! मग सगळ्यांनी मिळून पाणी उपसलं आणि होडी सुखरूप किनाऱ्याला लागली.

आयांनी मुलांना छातीशी धरलं.  पाटलाने खांद्यावरचा भारी शेला काढला आणि सगळ्यांसमोर मर्जानपुढे धरला.

चांगुणा पुढे झाली. 

"पाटील, शेला नको," ती म्हणाली. "आमची वीत आमाना द्या."

 पाटलाने होडीकडे पाहिलं, फाटक्या पदराचं टोक सांध्यातून बाहेर आलं होतं. मग खडकावरच्या पोवळीकडे पाहिलं. नावं पुकारताना तो नेहमी उभा राहायचा त्या जागी जाऊन तो उभा राहिला.

"मर्जान आणि चांगुणाचं घर!" पाटलाने पुकारलं. खणखणीत, सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं.

पोवळी खडकावरून धावत सुटली. मर्जानने चिंधी काढली, नवा कापूस घातला आणि मोगरी लेकीच्या हातात दिली. पुढच्या भरतीला होडी पुन्हा निघाली. या वेळी तीत एक्केचाळीस मुलं होती आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती ती पोवळी.

तात्पर्य: ज्याला आपण बाहेर काढतो त्याची जागा रिकामीच राहते, आणि संकट नेमकं तिथूनच आत शिरतं. ती जागा परत द्यायची, तर बक्षीस म्हणून नव्हे, त्याचा हक्क म्हणून द्यावी.