सपाट पाण्यावरचा बोया

समुद्र अजून सगळ्यांशी बोलत असे, तेव्हाची गोष्ट. उथळ समुद्र संपून तळ एकदम खोल कोसळतो, त्या कड्याच्या अलीकडे खुणेसाठी सोडलेला एक बोया तरंगत होता. त्याचा दोर तळाशी एका धोंड्याला बांधलेला होता.

एकदा धोंडा म्हणाला, "बोयाभाऊ, भरतीनं कड्यावरचं गार पाणी ढवळलंय. वरच्या ऊन पाण्याखालून माडाएवढी लाट किनाऱ्याकडे निघालीय. जपा!"

बोयाने चहूकडे पाहिलं. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत होतं. "धोंडोबा, लाट असती तर आधी मला दिसली असती. तळाशी बसून तुम्हाला काय कळतंय?"

एवढ्यात दोराला हिसका बसला आणि बोया गडप झाला. खाली गार पाण्याचा डोंगर दोर ओढत सरकत होता, आणि त्याचा माथा ऊन पाण्याच्या पोटातच राहत होता.

बोया धापा टाकत वर आला. पाणी तसंच गुळगुळीत. इतक्यात एक कुरव पक्षीण त्याच्यावर येऊन बसली.

बोया म्हणाला, "उठा बाई, खालून दुसरी लाट येतेय. त्या एकामागून एक येतात."

तिने मान वळवून चहूकडे पाहिलं. "लाट असती तर आधी मला दिसली असती," असं म्हणून तिने डोळे मिटले.

दोर ताठ होऊ लागला, तसा बोयाने श्वास रोखून धरला.