उजवीकडचं घर

"कुलूप होतं... मग काय केलंस?"

"उजवीकडचं घर घेतलं, आक्का."

"त्यालाही कुलूप असलं तर?"

"त्याच्या उजवीकडचं."

विचारणाऱ्या होत्या शालनआक्का मगदूम. पुढ्यातला अहवाल त्यांनी अजून उघडलाही नव्हता.

डॉ. अभिनंदन चौगुले तो घेऊन शनिवारी दुपारी आला होता. दोनशे बारा पानं, वर सोनेरी अक्षरं. विषय होता बिरोबानगरचा दवाखाना. तिथं रुग्णच येत नाहीत म्हणून नगरपालिकेला तो बंद करायचा होता. निर्णय गुरुवारच्या सभेत व्हायचा होता. त्याआधी पाहणी करायचं काम अभिनंदनकडं दिलं होतं आणि एक अट घातली होती. अहवालावर शालनआक्कांची सही हवी.

मी आक्कांच्या हाताखाली बावीस वर्षं काम केलं आहे, तेव्हा माझं कौतुक एकतर्फी आहे हे आधीच सांगून टाकते.

ही बाई चाळीस वर्षं दारोदार फिरली. स्वतः अकरावी पास. मार्च लागला की पाचवी-सहावीतल्या मुली शाळेतून नाहीशा होतात, हे मास्तरांना दिसत होतं. बेदाण्याच्या रॅकवर द्राक्षं टाकायला त्या आयांबरोबर जातात, हे आक्कांनी घरोघरी विचारून मांडलं. त्या वर्षीपासून आमच्या तालुक्यात वार्षिक परीक्षा महिनाभर अलीकडं आली. त्यातल्या दोघी-तिघी आज शिक्षिका आहेत आणि दिवाळीला आक्कांकडं फराळ घेऊन येतात.

अभिनंदनही इथलाच. विसाव्या वर्षी आक्कांच्या ओसरीवर फॉर्म भरायला शिकला, पुण्याला गेला, डॉक्टरेट घेऊन आला. हुशार होताच. ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काय निघालं पाहणीत?" आक्कांनी विचारलं.

"चारशे घरं पाहिली. खोकला फक्त नऊ घरांत. लोक ठणठणीत आहेत, आक्का. तिथं दवाखान्याची गरजच नाही."

"कुलपं किती होती?"

"त्रेसष्ट. पण सगळी बदलून घेतली. चारशेत एकही कमी नाही."

"बदली घरांत कोण भेटलं?"

"बरेच जण. एक निवृत्त तलाठी होते. चहा पाजला, चाळीस मिनिटं बोलले. फार सहकार्य केलं त्यांनी."

"खोकत होते?"

"छे!"

मी हसू दाबलं. आक्का हसल्या नाहीत.

"बंद घरांकडं किती वेळा गेलास?"

"तीन वेळा. अकराला, दोनला, चारला. अगदी नियमानं."

"मग त्या त्रेसष्ट घरांतली माणसं कुठं होती?"

अभिनंदनचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यानं पिशवीतून पिवळी वही काढली.

पिवळी वही म्हणजे पाहणीला जाणाऱ्यांसाठी आक्कांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेली पुस्तिका. ती आजही चार-पाच जिल्ह्यांत वापरली जाते. त्यानं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"पान सतरा. घर बंद आढळल्यास तीन वेळा जावे. तरीही बंद असल्यास उजवीकडचे घर घ्यावे." त्यानं वही आक्कांच्या पुढं धरली. "हा नियम माझा नाही, आक्का. तुमचा आहे."

...

मला त्याचा राग आला. आक्कांशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण त्याला काय बोलणार? ते पान मीच टाइप केलं होतं, आणि टाइप करताना मलाही काही खटकलं नव्हतं.

आक्कांनी चष्मा लावला. पान एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

आक्कांच्या खोलीत खुर्ची एकच. खिडकीजवळची, वेताची, हातांची. त्या घरी नसल्या तरी आम्ही कुणी तिच्यात बसत नसू. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण बसत नसू.

आक्का त्या खुर्चीतून उठल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे, वेळ लागला.

"बस," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"खुर्चीत."

"आक्का, असं काय करताय..."

"बस म्हणते ना."

तो कडेला टेकला. आक्का समोर सतरंजीवर बसल्या. त्याच्याच गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म त्यांनी मांडीवर घेतला, पेन्सिल घेतली.

"नियम माझा आहे, तेव्हा आता तू सांगायचं आणि मी लिहायचं. त्या त्रेसष्टांतलं पहिलं घर. माणसं किती?"

"...माहीत नाही."

आक्कांनी लिहून घेतलं.

"काम काय करतात?"

"माहीत नाही."

"मुलं शाळेत जातात?"

"आक्का..."

"खोकला?"

त्याला खुर्चीत धड बसवेना. आक्कांनी चारही ओळींपुढं सावकाश अक्षरांत 'माहीत नाही' लिहिलं आणि फॉर्म त्याच्या हातात दिला.

"उद्या पहाटे पाचला ये. गाडी आणू नकोस."

रविवारी आम्ही तिघं चालत निघालो. आक्कांची काठी पुढं, आम्ही मागं.

बिरोबानगर गावामागच्या टेकावर आहे. अभिनंदननं दिवसा पाहिलेली ती गल्ली, कुलपांची. आता एकही दार बंद नव्हतं. घराघरात चूल पेटलेली होती, नळावर भांडी वाजत होती, कुणी कुणाला हाका मारत होतं. अभिनंदन मधेच थांबला. आपण दुसऱ्याच वस्तीत आलो की काय, असं त्याला वाटलं असावं.

पहिल्या घरात फुलाबाई कोळेकर भाकऱ्या थापत होती. मधेच तिनं तोंड फिरवलं, पदर लावला आणि खोकली. चांगली मिनिटभर खोकली.

"कोन? आक्का? या की. एवढ्या रामपारी?"

"हा आमचा अभिनंदन. त्याला तुला विचारायचंय."

तो उंबऱ्यातच उकिडवा बसला. फॉर्म पिशवीतच राहिला.

"कामाला कधी जाता, मावशी?"

"सा वाजता. बेदाण्याच्या शेडवर, निवडायला."

"परत कधी?"

"दिवं लागल्यावर."

"आणि हा खोकला?"

"बेदाण्याला गंधकाची धुरी असती न्हवं, त्यानं घसा धरतोय. माझं एकटीचं न्हाई. गल्लीत समद्यांचंच हाय."

"मग दवाखान्यात का जात नाही?"

फुलाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाण्याचा हात फिरवला आणि मग त्याच्याकडं बघितलं.

"धा ते एक उघडा असतोय त्यो. आमी जाताना बी कुलूप आन् येताना बी कुलूप. शेडला सुट्टी आवसंची. एकदा आवसंला गेलो समद्या जनी, तर रविवार निघाला." ती हसली आणि हसता हसता पुन्हा खोकली. "ते लिवत्यात, बाया येत न्हाईत. आमी म्हणतो, दवाखानाच कवा घरात नसतोय."

...

सहा वाजता गल्लीतली दारं एकामागून एक लागली. फुलाबाईनं भाकरी फडक्यात बांधली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि बायकांच्या घोळक्यात चालू लागली. खोकण्याचा आवाज टेकाच्या खालपर्यंत ऐकू येत होता.

अभिनंदन बंद दारासमोर उभा राहिला. कुलपाच्या कडीला निळा दोरा बांधलेला होता.

"हे कुलूप मी ओळखतो, आक्का," तो म्हणाला. "तीन वेळा येऊन गेलोय इथं."

"हं."

"ह्यांच्या नावावर मी त्या तलाठ्याची तब्येत लिहिली."

त्याचे डोळे भरून आले होते. आक्कांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याचा हात धरून उतरणीला लागल्या. आधार कोण कोणाला देत होतं, ते मला मागून कळलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस तो पहाटे साडेचारला एकटा वस्तीवर गेला. त्रेसष्टपैकी साठ घरं उघडी सापडली. सत्तेचाळीस घरांत खोकला होता. बुधवारी दुपारी तो आला तेव्हा दाढी वाढलेली, आवाज बसलेला आणि हातात चार पानं. आक्कांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि सही केली. दोनशे बारा पानांना त्यांनी अजूनही हात लावला नव्हता.

गुरुवारच्या सभेला मी गेले होते. एक नगरसेवक उठून म्हणाले, "डॉक्टर, गेल्या आठवड्यात तुम्ही आम्हाला तोंडी नऊ सांगितलेत. आता सत्तेचाळीस वाढले म्हणता. खरं काय समजायचं?"

"दोन्ही खरं आहे," अभिनंदन म्हणाला. "पहिली पाहणी दिवसा घरी असणाऱ्यांची होती. चूक माझी आहे. मी ती वस्तीची म्हणून तुमच्यापुढं ठेवली."

भर सभेत, स्वतःच्या तोंडानं. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि तो आजही वाटतो.

बिरोबानगरचा दवाखाना आता पहाटे पाचला उघडतो. अमावास्येला तो दिवसभर चालू असतो, वार कोणताही असो. शेडवरच्या धुरीबद्दल अभिनंदननं दुसरा कागद कामगार खात्याकडं पाठवला. तो अजून फिरतोय, आणि अभिनंदन त्याच्यामागं फिरतोय.

सभेनंतरच्या रविवारी दुपारी तो पुन्हा आला. या वेळी हातात फक्त पिवळी वही होती. आक्का आपल्या खुर्चीत बसल्या होत्या.

"पान सतरा नव्यानं लिहायला हवं," तो म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

"तूच लिही."

"तुमचा नियम मी कसा खोडू, आक्का?"

"पेननं."

मग त्यानं ती दोन वाक्यं खोडली आणि खाली लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

"घर बंद आढळल्यास तिथली माणसे कधी घरी असतात ते शेजारी विचारावे आणि त्या वेळी जावे. दुसरे घर घेऊ नये."

मला आवडलं. आक्कांनाही आवडलं असावं, त्यांनी मान हलवली. आणि अभिनंदनला तर आवडलंच होतं. जाडजूड अहवाल घेऊन आला होता त्या शनिवारसारखा त्याचा चेहरा पुन्हा उजळला.

"आता हे पान पक्कं झालं," तो म्हणाला. "आता यातून कुणी सुटायचं नाही."

आक्कांनी पानाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"खाली तुझं नाव घाल," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी हे पान तुझ्यापुढं धरेल, तारीखही घाल."

त्यानं घातली.

"अजून काही, आक्का?"

"एक खुर्ची घे."

"खुर्ची? मला?"

"हो. पटकन उठता येईल अशी घे."