कंदिलाखालची शाळा

धर्मशाळेत वीज यायच्या आधीपासून तिथल्या कंदिलाच्या खुंटीशी आठ पायांचे कोळीमास्तर जाळं विणायची शाळा चालवत. पुढे वीज आली, कंदील विझला आणि किडे समोरच्या ट्यूबलाइटकडे गेले. मास्तर कुठेच गेले नाहीत. "घेर गोल, धागे सारखे," ते शिकवत राहिले. परीक्षेत पोरांना पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि सगळी उपाशी झोपली.

नापास झाली ती एकटी ठमी. तिनं ट्यूबच्या कडेनं लांबलचक, वेडंवाकडं जाळं विणलं होतं.

"याला जाळं म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

"ठाऊक नाही, मास्तर," ठमी तोंडातला घास गिळून म्हणाली. "पण माश्या अडकतात."

मास्तर तीन दिवस आपल्या गोल जाळ्यात बसून राहिले. त्यात धूळ तेवढी अडकली.

चौथ्या दिवशी त्यांनी अख्खा वर्ग ट्यूबपाशी बोलावला आणि स्वतः पहिला धागा सोडला. तो निसटला. पोरं खाली बघू लागली.

"माना वर करा," मास्तर म्हणाले. "ठमी, कुठं चुकलं ते सांग. बाकीच्यांनी नीट बघा. आज बऱ्याच चुका व्हायच्या आहेत."