हंडाभर सकाळ

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. कोयनाने मला तुळशीची शपथ घातली होती. पण गोष्ट इतकी चमचमती आहे, की ती माझ्या पोटात राहतच नाही.

कोयना म्हणजे आमच्या टेकडीवरच्या वस्तीतली एक चिमुरडी. नाव नदीचं, पण घरात पाण्याचा ठणठणाट. सगळ्या वस्तीला मिळून नळ एकच, पायथ्याशी. आमच्या रांगेत माणसं नसतात, हंडे असतात. हंडा लावला की तोच आपली जागा धरतो आणि दुसऱ्याच्या हंड्याला कुणी हात लावत नाही. नळाशेजारी आमची इवलीशी बाग आहे. रंगाच्या जुन्या डब्यांत केशरी अबोली, पांढरीशुभ्र तगर आणि हिरवीगार तुळस.

त्या दिवशी कोयना घाबरलेली होती. तिची आई, शेवंताकाकू, एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते. पाणी भरण्यापायी तिला रोज उशीर व्हायचा. मालकांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "उद्या उशीर झाला तर येऊच नकोस."

कोयनाचा हंडा कसाबसा भरला आणि नळ फुसफुसला, बारीक झाला, बंद पडला. मागे गौहरचाचीचा हंडा कोरडाच राहिला. चाची घरी तान्ह्या बाळाजवळ होती.

"गेला मेला!" नळावर आलेल्या हिराबाई म्हणाल्या. "काय गं नदीबाई, आता तूच वाहा की जरा!"

सगळ्या बायका हंडे तिथेच ठेवून हसत हसत पांगल्या. कोयना हसली नाही. तिने खरोखरच आपलं निम्मं पाणी चाचीच्या हंड्यात ओतलं. मग तिला मान टाकलेली अबोली दिसली. तिलाही तिने ओंजळभर पाणी दिलं.

तोच फुलातून एक परी बाहेर आली! बोटाएवढी, केशरी झग्याची. पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, त्यांवर दवाचे टिपके लुकलुकत होते.

"एक इच्छा माग, बाळा," परी म्हणाली. "पण ती तुझ्या हंड्यात मावली पाहिजे. आणि मागताना हंडा रिकामा हवा."

"पण उरलेलं पाणी आईसाठी आहे गं."

"मग राहू दे. मी रागावणार नाही."

कोयनाने वर पाहिलं. दारात उभी राहून आई वर चढणाऱ्या सूर्याकडे बघत होती. डब्यांतली बाकीची रोपंही तहानलेली होती. कोयनाने डोळे मिटले आणि सगळं पाणी त्यांना घातलं.

काय मागावं? हंडाभर सोनं? ते ठेवायचं कुठे! हंडाभर पाणी? ते संध्याकाळी संपेल.

"मला हंडाभर सकाळ दे," ती म्हणाली. "सगळ्यांचं पाणी भरून होईल आणि आई वेळेवर पोचेल, एवढी."

परी खुदकन हसली. हंड्यात कोवळं केशरी ऊन भरत गेलं, अगदी काठोकाठ. वर आलेला सूर्य चेंडूसारखा घरंगळत मागे गेला आणि टेकडीमागे अडकून बसला. नळ खळखळून वाहू लागला. चाचीचा हंडा भरला, कोयनाचा भरला, शेवटच्या हंड्यापर्यंत सगळे भरले.

शेवंताकाकू कँटीनमध्ये पोचली तेव्हा मालक जांभया देत दार उघडत होते. "अगं, तू आज सूर्याच्याही आधी!" ते म्हणाले. "रोज अशी आलीस तर किल्लीच तुझ्याकडे देतो."

"तळाशी थोडी सकाळ नेहमी उरव," इकडे नळापाशी परी कोयनाच्या कानात म्हणाली, "म्हणजे ती रोज पुरेल." आणि ती उजेडात उजेड होऊन विरून गेली.

तेव्हापासून शेवटचा हंडा भरल्याशिवाय नळ जात नाही. कँटीनची किल्ली आता शेवंताकाकूच्या कमरेला असते. काल मी हळूच कोयनाच्या हंड्यात वाकून पाहिलं. तळाशी काहीतरी केशरी लुकलुकत होतं, आणि मला वाटतं…

"वनू! अगं, कुठे बसलीयस लिहीत? आपला हंडा पुढे आला, ऊठ!"

आले गं आई! तर ते केशरी म्हणजे नक्की…