भाकरी गोड लागेपर्यंत

एका डोंगरगावात दोन भोई राहत होते. म्हातारा हिरोजी आणि धिप्पाड लखू. आजारी माणसाला डोलीतून दोन डोंगरांपलीकडच्या वैद्यबाईंकडे नेणं, हे त्यांचं काम. हिरोजीचा एक नेम होता. निघण्याआधी नाचणीची भाकरी खायची आणि घास गोड लागेपर्यंत चावायचा. लखूला हसू येई. नाचणी कधी गोड लागते का! बिचाऱ्याने तेवढा वेळ चावून कधी पाहिलंच नव्हतं.

एके सकाळी गावातल्या भिवाची बायको सगुणा बाळंतपणात अडली. सुईण म्हणाली, "वैद्यबाईंकडे न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील."

डोली दारात आली आणि हिरोजी भाकरी घेऊन बसला.

"माझी बायको तळमळतेय अन् तुम्ही जेवताय?" भिवा ओरडला.

"तिला पोचवायचंय म्हणूनच जेवतोय, बाबा."

लखूला भिवाची दया आली. आपली भाकरी बाजूला सारून त्याने मूठभर गूळ तोंडात टाकला. दया खरी होती, पण घाई तिच्याहून मोठी होती.

पहिला डोंगर लखू झपाझप चढला. दुसऱ्याच्या मध्यावर त्याचे पाय लटपटले. डोली हेलकावली, सगुणा कळवळली. डोली खाली ठेवावी लागली.

"काका, मी हिचा घात केला," लखू म्हणाला.

हिरोजी रागावला नाही. त्याने कमरेला बांधलेली भाकरी सोडून लखूला दिली, वर गुळाचा खडा ठेवला. "अंगाच्या कणाकणात चूल असते, पोरा. गुळातली साखर मोकळी, ती लगेच जळून संपते. भाकरीतल्या साखरेच्या कणांनी एकमेकांचे हात धरलेले असतात. चावताना ते हात सुटू लागतात, म्हणून घास गोड होतो; पुढे पोटात एकेक हात सुटतो, तशी चूल जळत राहते. गूळ उठवतो, भाकरी पोचवते."

लखू भाकरी तशीच ठेवून डोली उचलायला वाकला. तेव्हा डोलीतून सगुणा म्हणाली, "खा दादा. नीट चावून खा. मी थांबते."

कळा सोसणारी बाई त्याच्यासाठी थांबत होती. लखू रडत रडत चावत राहिला. गूळ केव्हाच विरघळून गेला, तरी घास खरंच गोड लागला. मग दोघांनी डोली उचलली, ती वैद्यबाईंच्या ओसरीवरच टेकवली.

दुपारी मुलगी झाली. मागून येऊन पोचलेल्या भिवाने ती आधी हिरोजीपुढे धरली.

हिरोजी म्हणाला, "लखूकडे दे. सगळ्यात जड पावलं त्यानं टाकलीत."

तात्पर्य: दुसऱ्याचं ओझं उचलायला नुसती कळकळ पुरत नाही, वाट संपेपर्यंत टिकेल असं बळ आधी सावकाश साठवावं लागतं.