दुसरा रिमोट

“मग काय, बाबा? पुन्हा डबा काढू का?”

मुरलीधर शेट्यांनी परत तेच विचारलं. मोठी असामी, उत्तरासाठी थांबायची सवय नाही.

शेट्यांचा डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. ‘टिंगू’ त्याचं नाव. एके काळी सांगली-मिरजेच्या पोरांनी टिंगूपायी परीक्षा बुडवल्या. मग तो बंद पडला. आता शेटे मोबाईलवरचे गेम बनवतात, बक्कळ चालतात, पण माणसाच्या जिवाला चैन म्हणून नाही.

“दुसऱ्याच्या फोनवर गेम चालवायचे म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहिल्यासारखं वाटतं,” शेटे म्हणाले. “लोक हसतात. म्हणतात, गेलं ते गेलं. तुम्ही सांगाल ते करीन.”

दस्तगीरबाबा फकीर माणूस. त्यांना यातलं काय कळणार, असं रोज त्यांच्यापाशी बसणाऱ्या मलाही वाटलं.

“दाखव तरी,” बाबा म्हणाले.

शेटे तयारीनं आले होते. पिशवीतून नवाकोरा डबा निघाला. भक्तांनी दिलेला टीव्ही कोपऱ्यात होता, त्याला जोडला. एक रिमोट स्वतः घेतला, दुसरा बाबांच्या हातात दिला.

बाबा पोरासारखे बटणं दाबत सुटले. पडद्यावरचा बुटका उड्या मारत होता.

“छान खेळतोय की मी.”

“बाबा... तुमची वायर लावलेलीच नाही.”

“का रे?”

शेटे ओशाळले. “जुन्या सवयीनं हात तसाच वळला. लहानपणी मामानं दुबईहून गेम आणला होता, तेव्हा धाकट्याला, पद्माकरला, मी असाच नुसता रिमोट द्यायचो. त्याला वाटायचं, तोही खेळतोय.”

“मग?”

“कळलं तेव्हा खूप रडला. नंतर तोच गेम खोलून शिकला. टिंगू त्यानंच बनवला.”

“मग मला कशाला विचारतोस? त्याला विचार.”

“गेल्या दिवाळीत गेला तो.”

बाहेर शेळी ओरडत होती.

“डबा बंद करायचं मी ठरवलं, बाबा... पण त्याला सांगायचा धीरच झाला नाही. तो वर्षभर नवा टिंगू बनवत बसला. रोज संध्याकाळी येऊन दाखवायचा. मी म्हणायचो, छान झालाय.”

“आणि हा?”

“हा तोच.”

मग मात्र शेट्यांना रडू आवरेना. एवढा मोठा माणूस, पण ढसाढसा रडला. मला तिथं बसवेना, आणि उठवेनाही.

बाबांनी हातातला रिमोट खाली ठेवला नव्हता.

बऱ्याच वेळानं शेट्यांनी डोळे पुसले. “मग काढू ना, बाबा? त्याच्या नावानं?”

“काढ,” बाबा म्हणाले. “पण पुन्हा बंद करायची वेळ आली, तर शेजारी बसलेल्याला आधी सांग.”